मेपल मागण्याआधी घनफूट मोजा

दिवाळीनंतर मावसभावाच्या धसईच्या (ता. मुरबाड) घराचा स्लॅब टाकून झाला आणि लाकडाची यादी करायला आम्ही पडवीत बसलो. सहा चौकटी, सहा दारं, देवघर, एक पलंग, एक जेवणाचं टेबल. चौकटींचं पाच मिनिटांत ठरलं. टेबलापाशी यादी अडली. पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसातली टेबलं फिकट, साईच्या रंगाची, हात फिरवला तर काचेसारखी गुळगुळीत. "काका, आपलं टेबल मेपलचं करू या ना," त्याने मला विचारलं, कारण घरात लाकडातलं थोडंफार कळणारा मीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. एका दुकानात "प्युअर मेपल" म्हणून टेबल दाखवलं. मी वाकून ते खालून पाहिलं. कडेची पट्टी एका कोपऱ्यात सुटली होती आणि आत भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड दिसत होता. वर मेपलच्या रेषा छापलेला कागद. भाव मात्र दोन दुकानं सोडून ठेवलेल्या सागाच्या टेबलाच्या बरोबरीचा. भाऊ काही बोलला नाही. ॲडव्हान्सचे पैसे त्याने सकाळी घरून मोजून आणले होते, ते तसेच खिशात ठेवून आम्ही परत निघालो.

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत भात विकून झालं की घराची कामं निघतात आणि पाठोपाठ लग्नसराई येते. वर्षाची कमाई दोन-तीन महिन्यांत लाकूड, पलंग, कपाट यांत जाते. त्या पैशाला काय मिळतं हे घेणाऱ्याला आधी कळावं, एवढ्यासाठी हा हिशेब मांडतो आहे.

मेपल हे लाकूड कसं असतं

मेपल हे एका झाडाचं नाव नाही. त्या नावाखाली शंभराहून अधिक जाती येतात. उत्तर अमेरिका, युरोप, जपान, चीन इथे त्या वाढतात, आपल्या हिमालयातही काही आहेत. सह्याद्रीच्या जंगलात हे झाड नाही. काश्मीरचा चिनार पानावरून मेपलसारखा वाटतो, पण तो वेगळ्या कुळातला. फर्निचरच्या व्यापारात 'हार्ड मेपल' म्हणतात ते अमेरिका-कॅनडातलं शुगर मेपल. त्याच्याच रसाचा पाक करतात. 'सॉफ्ट मेपल' नावाने विकलं जातं ते दुसऱ्या जातींचं, वजनाला हलकं आणि भावालाही उतरतं. दुकानदार नुसतं 'मेपल' म्हणाला तर कोणतं, हा पहिला प्रश्न.

हार्ड मेपल वाळल्यावर घनमीटरला साधारण 700 किलो भरतं, म्हणजे घनफुटाला 20 किलो. साग घनमीटरला 650 च्या आसपास. वजनात फार फरक नाही, कठीणपणात आहे. लाकडाचा कठीणपणा मोजायची एक रीत आहे: सव्वाअकरा मिलिमीटरच्या आसपास व्यासाची पोलादी गोळी अर्धी आत जाईपर्यंत दाबायची आणि किती जोर लागला ते पाहायचं. सागाला साधारण 1,070 पौंड जोर लागतो, हार्ड मेपलला 1,450. मेपलच्या टेबलावर पातेलं आपटलं तर खळगा लवकर पडत नाही. बास्केटबॉलच्या मैदानाची जमीन आणि बोलिंगच्या पट्ट्या अमेरिकेत याच लाकडाच्या करतात. त्याची छिद्रं इतकी बारीक की नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून खाटकाच्या ठोकळ्याला आणि स्वयंपाकघरातल्या चिरायच्या फळीला ते चांगलं. रस आत मुरत नाही आणि लाकडाला स्वतःचा वास नाही. व्हायोलिनची पाठ आणि कडा मेपलच्या असतात. आपल्या मैफलीत वाजणाऱ्या व्हायोलिनलाही हेच लागू. मिरजेचे कारागीर मात्र सतारीला तूण वापरतात, आणि दक्षिणेत मृदंगाचं खोड फणसाचं असतं. प्रत्येक मुलखाने आपल्या जंगलातून आपल्या कामाचं लाकूड शोधलेलं आहे.

आता मेपलची दुसरी बाजू. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि पाण्याला तो सहजासहजी भीक घालत नाही. मेपलमध्ये तसं काही नाही. ओल लागली की ते काळं पडतं, कुजतं, भुंगेरे लागतात. चौकट, खिडकी, मोरीजवळचं दार, पडवीतला बाक यांसाठी मेपल कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. शिवाय ते रंग नीट पीत नाही: गडद पॉलिश लावलं तर जागोजागी डाग पडल्यासारखं दिसतं. पातं बोथट असेल तर यंत्रावर कापताना कडा जळून तपकिरी होते. पेठेतल्या सुताराच्या यंत्रावर सागाची सवय असलेलं पातं मेपलला चालवलं तर तुमची फळी आणि त्याचं पातं दोन्ही जातात.

दुकानातल्या 'मेपल'चे चार अर्थ

'मेपल' म्हणून आपल्या बाजारात विकलं जातं त्यात खरी मेपलची फळी सगळ्यात दुर्मीळ. बहुतेक वेळा तो लॅमिनेटचा रंग असतो: रेषा छापलेला कागद, वर पारदर्शक थर, खाली पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ. कागदाची रेष कडेवर वळत नाही, तिथेच तुटते आणि कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असते. टेबलाची खालची बाजू, कपाटाची पाठ, खणाची आतली कड बघा. तिथे दुकानदाराने सजावट केलेली नसते. पार्टिकल बोर्डवर एकदा पाणी मुरलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही; पावसाळ्यात भिंत घामेजणाऱ्या घरात जमिनीला टेकणारं कपाट त्याचं घेऊ नका.

दुसरा प्रकार मेपलचं व्हीनियर लावलेला प्लायवूड. यात वरचा थर खऱ्या लाकडाचा असतो, जाडी मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. हे लबाडीचं काम नाही, उलट योग्य भावात उत्तम काम आहे. फक्त ते घासून पुन्हा पॉलिश करायची सोय फारशी उरत नाही. प्लायवूडवर आयएसआय चिन्ह आणि मानकाचा आकडा बघा: आयएस 303 हा सर्वसाधारण वापराचा, आयएस 710 मरीन. फ्लश डोअरला आयएस 2202.

तिसरा, रबरवूड. केरळातल्या रबराच्या मळ्यांतली झाडं चीक संपल्यावर तोडतात, त्याचं लाकूड फिकट आणि फर्निचरला चांगलं असतं, पण औषध मारून वाळवलेलं नसेल तर बुरशी आणि कीड हमखास. त्याला 'मेपल कलर' किंवा नुसतं 'हार्डवूड' म्हणतात. ओळखायला सोपं आहे: रबरवूडवर सुईने ओरखडे काढल्यासारख्या बारीक रेघा, म्हणजे उघडी छिद्रं, नुसत्या डोळ्याला दिसतात. मेपलवर त्या दिसत नाहीत. आणि 'हार्डवूड' या शब्दाला भुलू नका. वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या झाडाचं लाकूड ते हार्डवूड, मग ते पांगाऱ्याचं मऊ लाकूड का असेना. वखारीत तर साग सोडून उरलेल्या कुठल्याही स्वस्त लाकडाला हाच शब्द लावतात.

चौथा प्रकार खऱ्या मेपलच्या फळ्यांचा. त्या परदेशातून येतात आणि मुंबई-भिवंडीकडच्या आयात लाकडाच्या गोदामांत मिळतात. तिथे जाडी वेगळ्या भाषेत सांगतात: इंचाचे चार भाग धरून 'चार पाव' म्हणजे एक इंच, 'आठ पाव' म्हणजे दोन इंच. माप कधी घनफुटात, कधी घनमीटरमध्ये, कधी बोर्डफुटात. एक घनमीटर म्हणजे 35.3 घनफूट आणि एक घनफूट म्हणजे 12 बोर्डफूट, हे दोन आकडे पाठ असले की कोणताही भाव आपल्या मापात आणता येतो.

बिलावरचा एचएसएन आकडाही बोलतो. 4407 म्हणजे कापलेलं लाकूड, 4410 पार्टिकल बोर्ड, 4411 एमडीएफ, 4412 प्लायवूड. बोर्ड किंवा फळी घेताना तोंडाने एक आणि बिलावर दुसरंच असेल तर ते तिथल्या तिथे दिसतं. म्हणून पक्कं बिल मागा. धसईत तर खात्यावरून पैसे देण्याची ओळख जुनी आहे. 1 डिसेंबर 2016 रोजी हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं आणि पेठेतल्या छोट्या दुकानांतही कार्डाची यंत्रं आली. लाकडासारख्या मोठ्या खरेदीत खात्यावरून दिलेला पैसा हा तुमचा पुरावा असतो. लाकडावर 18 टक्के जीएसटी आहे, त्यामुळे "बिल नको, तेवढं कमी लावतो" असं कानावर येईल. तेवढं कमी घेऊन नंतर कीड लागलेली फळी परत करायला गेलात की हातात काहीच नसतं.

एका चौकटीचा हिशेब

भाव रोज बदलतात, वखारीगणिक बदलतात. म्हणून मी इथे 3,000 रुपये घनफूट हा आकडा केवळ उदाहरणाला धरतो. तुमच्या वखारीतला आकडा त्या जागी टाका, रीत तीच राहील.

घनफूट काढायचं म्हणजे रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात, भागिले 144, गुणिले लांबी फुटांत. सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद चौकट, उंबरठ्यासकट. दोन उभे मिळून 14 फूट, वर-खाली मिळून 7, एकूण 21 फूट. लाकूड 5 इंच बाय 3 इंच. 15 भागिले 144, गुणिले 21, म्हणजे 2.19 घनफूट. तुकडे वाया जातात ते 10 टक्के धरा, 2.4 झालं. 3,000 च्या भावाने 7,200 रुपये, कर धरून 8,496. सुताराची मजुरी, होल्डफास्ट आणि जमिनीत जाणाऱ्या टोकांना लावायचं डांबर वेगळं.

आता जिथे पैसे गळतात ती जागा. 5 बाय 3 म्हणून विकलेलं लाकूड रंधा मारून दिलं असेल तर टेप लावून बघा. ते पावणेपाच बाय पावणेतीन भरलं तर प्रत्यक्षात 1.9 घनफूटच लाकूड तुमच्या हातात आलं आणि एका चौकटीमागे साधारण 850 रुपये रंध्याच्या भुशाला गेले. सहा चौकटींचे पाच हजार. म्हणून भाव ठरवतानाच विचारा, माप करवतीचं की रंध्याचं. दोन्ही रीती प्रामाणिक आहेत, फक्त आधी बोललेलं असावं.

सागातला पांढरा भाग वेगळा ओळखायला शिका. झाडाच्या सालीजवळचं लाकूड फिकट असतं, त्यात तेल नसतं आणि वाळवी तिथूनच शिरते. तपकिरी गाभा टिकतो. घाना, ब्राझील, इक्वेडोर इथल्या लागवडीतला साग आपल्याकडे येतो. तरुण झाडांचा असल्याने त्यात पांढरं जास्त आणि गाठी अधिक. तो स्वस्त मिळतो आणि आतल्या खोलीच्या दाराला चालतो. चौकटीला, विशेषतः पश्चिमेकडून पाऊस मारणाऱ्या दाराला, पूर्ण गाभ्याचं लाकूड घ्या. 'बर्मा' म्हणून कोणी मोठा भाव सांगितला तर लक्षात ठेवा की म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. 'सीपी' म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग. दिल्लीच्या नव्या संसद भवनात आणि अयोध्येच्या मंदिराच्या दारांत महाराष्ट्राचाच साग गेला. तो महाग असण्याला कारण आहे.

ओंडका, डेपो आणि आपल्या बांधावरचं झाड

आपल्या भागात अनेकांना वाटतं, एवढं जंगल आजूबाजूला, मग वखारीत कशाला जायचं. वनविभागाच्या डेपोत सागाचा लिलाव होतो, पण तिथे लाट म्हणजे ओंडक्यांचा आखा ढीग घ्यावा लागतो. एका घराला तो परवडत नाही. तीन-चार घरांची कामं एकदम निघाली असतील तर मिळून घेण्याचा विचार करा.

ओंडक्याचं माप घेराच्या चौथाईने काढतात. घेर 60 इंच आणि लांबी 10 फूट असेल तर घेराचा चौथा भाग 15, त्याचा वर्ग 225, गुणिले 10, भागिले 144, म्हणजे 15.6 घनफूट. भूमितीने त्याच ओंडक्यात जवळजवळ 20 घनफूट लाकूड असतं. हा फरक साल आणि बाजूच्या फळकुटांसाठी सोडलेला असतो. तरी करवतीतून 10 घनफूट चौरस लाकूड निघालं तर समाधान माना, कारण पोकळी, वाक आणि पांढरं त्यातच असतं. ओंडका 2,000 रुपये घनफुटाने घेतला तर 31,200 रुपये झाले, 10 घनफुटांवर वाटले तर 3,120 पडले. वर कर, वाहतूक आणि कापण्याची मजुरी. ओंडक्याचा स्वस्त दिसणारा भाव कापल्यावर वखारीच्या भावाला येऊन भिडतो, कधी ओलांडतो.

बांधावरचं आपलं झाड असेल तर हिशेब वेगळा, पण कागद आधी. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 नुसार साग, ऐन, हेद, बिबळा, तिवस, जांभूळ, फणस, आंबा, चिंच यांसारखी अनुसूचित झाडं मालकीच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सातबारा जोडून वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज, पाहणी, मार्किंग, मग तोड, मग हातोड्याचा ठसा आणि वाहतूक परवाना, अशी वाट आहे. आदिवासी खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांना 1969 चा वेगळा कायदा लागतो. त्या झाडांची विक्री खासगीत ठरवता येत नाही, ती जिल्हाधिकारी आणि वनविभागामार्फत होते. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी शेजाऱ्याचं झाड पाच-दहा हजार हातावर टेकवून नेणं हे त्याचं नुकसान आहे आणि घेणाऱ्याचाही गुन्हा. याबाबतीत मला कोणतीही पळवाट मान्य नाही. बिनपरवान्याचं लाकूड रात्रीच्या टेंपोने आलं आणि पकडलं गेलं तर लाकूड जातं, टेंपो जप्त होतो आणि घराचं काम कोर्टाच्या तारखांवर अडकतं.

माझ्या मते या भागातल्या माणसाला सगळ्यात फायद्याचं लाकूड म्हणजे जुनं. कौलारू घरं पाडून स्लॅब पडतायत, तेव्हा मेढी, तुळया, वासे, आढं खाली येतं. चाळीस-पन्नास वर्षं छपराखाली वाळलेला साग किंवा ऐन पुन्हा हलत नाही. आमच्याकडे आजोबांच्या घराच्या दोन तुळया गोठ्यात पडून होत्या. मुंबई-कल्याणकडे पाडलेल्या चाळींचं लाकूडही वखारीत मिळतं. घेताना तीन गोष्टी: पटाशीने टोक खरवडून आतला रंग बघा, हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ऐका, आणि आतले खिळे काढायची मजुरी भावात धरा. एक खिळा राहिला तर यंत्राचं पातं जातं आणि ते पातं कोण भरून देणार यावर भांडण होतं. आम्ही खिळे शोधायला लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून फिरवलं, पाच खिळे सापडले, आणखी दोन सुताराने काढले.

पाऊस सगळ्यांचा हिशेब तपासतो

सह्याद्रीच्या पायथ्याला पाऊस कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. आषाढात दार फुगून अडतं आणि माघात त्याच दाराखालून उजेड दिसतो. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, त्यातून आडव्या दिशेने वाढतं आणि आक्रसतं. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साग वाढीच्या वलयांना समांतर कापलेल्या फळीच्या रुंदीत साडेपाच टक्क्यांच्या आसपास आक्रसतो, हार्ड मेपल जवळजवळ 10 टक्के. म्हणजे हलण्यात मेपल सागाच्या दुपटीच्या घरात.

टेबलाच्या भाषेत सांगतो. 30 इंच रुंद पाट. समजा चैत्रात लाकडात 10 टक्के ओल होती, श्रावणात 16 झाली. मेपलचा पाट साधारण 16 मिलिमीटर रुंद होईल, सागाचा साधारण 9. खालच्या आडव्या पट्ट्यांना पाट खिळ्यांनी किंवा सरसाने घट्ट बसवला असेल तर तो हलायला जागा शोधतो, सापडली नाही तर मधोमध तडकतो. पुण्यातलं ऑफिस बारा महिने एसीत असतं, तिथे मेपल शांत राहतं. धसईच्या घरात खिडक्या उघड्या आणि समोर खाचरं भरलेली. पुतण्याला हे पटलं.

म्हणून कोणतंही लाकूड घेताना ओल मोजा. दोन सुयांचं ओल मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं आणि एका खरेदीत त्याचे पैसे फिटतात. फर्निचरच्या फळीत 12 टक्क्यांच्या आसपास ओल असावी. 20 दाखवत असेल तर ते लाकूड विकत घेऊन वाळवायचं काम तुमच्याकडे आलं. इंचभर जाड फळीला छपराखाली, मध्ये पट्ट्या ठेवून, कित्येक महिने द्यावे लागतात. यंत्र नसेल तर फळीचं टोक गालाला लावा, गार लागलं तर ओलं. लाकूड कार्तिक ते फाल्गुन या काळात घ्या, जूनमध्ये वखारीत उघड्यावर पडलेलं घेऊ नका. दार उन्हाळ्यात बसवत असाल तर सुताराला बाजूला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक सोडायला सांगा आणि दाराच्या वरच्या-खालच्या कडेलाही पॉलिश मारून घ्या. त्या दोन कडा कोणी पाहत नाही म्हणून सोडतात आणि ओल तिथूनच शिरते.

मग टेबल कशाचं

मेपलसारखं फिकट, बारीक रेषेचं लाकूड आपल्याकडे नाही असं नाही. हेद, ज्याला हळदू म्हणतात, ते कापल्यावर पिवळं असतं, रेष सरळ आणि पोत एकसारखा. फण्या, कातकामाच्या वस्तू, गिरणीतल्या बॉबिन त्याच्या होत. घरात, कोरड्या जागी ते छान काम देतं. वाळवीपुढे मात्र टिकत नाही. शिवण आणखी हलकी, फिकट आणि हलायला कमी. देवघराला आणि खणांना मला ती फार आवडते. टेबलाच्या वरच्या फळीला मऊ पडते. ऐन जड आणि चिवट, पण नीट वाळवलं नाही तर चिरतो. आंबा स्वस्त, मात्र औषध न मारलेल्या आंब्याच्या फळीखाली वर्षभरात पिठासारखी भुकटी पडलेली दिसते.

आमच्या टेबलाचं लाकूड असं निघालं. पाट 60 बाय 30 इंच, कच्ची जाडी सव्वा इंच: 1.3 घनफूट. 3 बाय 3 चे चार पाय, प्रत्येकी 30 इंच: 0.63. खालच्या पट्ट्या: 0.43. एकूण 2.36, आणि फळ्या जोडताना वाया जाणारं पाव भाग धरून 3 घनफूट. 3,000 च्या भावाने कर धरून 10,620, सुताराचे सहा दिवस 1,000 रुपयांप्रमाणे 6,000, सरस, स्क्रू, पॉलिश 2,000. मिळून 18,620. घनफुटाचा भाव 5,000 धरला तर 25,700. मेपलला या आकड्यावर आणखी भर पडते: एवढ्या थोड्या मालासाठी भिवंडीपर्यंत टेंपो, तीन इंची पाय करायला दोन इंची फळ्या चिकटवण्याचं काम आणि नवं पातं. मेपल व्हीनियरचा 8 बाय 4 फुटी प्लायवूड घेतला असता तर 32 चौरस फुटांत आमच्या मापाचा एक पाट निघाला असता आणि कडेला सागाची पट्टी लावून काम कमी खर्चात झालं असतं. ज्यांना फिकट रंगच हवा आहे आणि बजेट आवरतं आहे त्यांनी तेच करावं.

आम्ही मात्र गोठ्यातल्या तुळया कापल्या. लाकडाचा खर्च फक्त कापण्याचा आणि खिळ्यांचा. सुतारदादांनी पाट खालच्या पट्ट्यांना लांबट भोकांतून स्क्रूने बसवला, म्हणजे तो दोन्हीकडे सरकू शकेल. पुतण्याला फिकट रंग हवा होता म्हणून गडद पॉलिश न मारता नुसतं तेल चढवलं. मेपलची हौस त्याने चिरायच्या फळीवर भागवली. 12 बाय 9 इंचांचा एकसंध तुकडा, वजन, छिद्रं आणि कड तपासून घेतलेला. त्याच्या आईला ती फळी पोळपाटाइतकीच जवळची झाली आहे.

तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला दाखल करायची फी नाही. फळीचा तुकडा, बिल आणि उलट्या बाजूचा फोटो जपून ठेवा.

टेबलाच्या खालच्या बाजूला भावाने पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: चैत्र, रुंदी 30 इंच, ओल 11 टक्के. शेजारी आषाढासाठी जागा मोकळी सोडली आहे.